छातीत ‘बॅटरी’ आहे, मग एमआरआय करावा की नाही?

प्रश्न : माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ७८ वर्षांचे आहेत. २०१५ मध्ये परळच्या एका रुग्णालयात त्यांना पेसमेकर बसवला. गेले तीन महिने त्यांची कंबर दुखते, डाव्या पायाला मुंग्या येतात आणि घरापासून विलेपार्ले स्टेशनपर्यंत जाताना त्यांना दोन वेळा बसावे लागते. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय लिहून दिला आहे. एका केंद्राने फोनवरच ‘पेसमेकर असेल तर आम्ही करत नाही’ असे सांगितले. दुसऱ्या केंद्राने ‘हल्ली काही होत नाही, फॉर्मवर सही करा आणि रात्री साडेदहाला या’ असे सांगितले. आमची इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे आम्ही भाड्याच्या घरात आहोत आणि अण्णांची फाईल कुठल्या खोक्यात आहे ते सापडत नाही. एमआरआयऐवजी सीटी स्कॅन चालेल का? त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाची रक्ततपासणी) १.६ असल्याने त्याचीही धास्ती वाटते. दरम्यान फिजिओथेरपिस्टनी मशीनचा शेक सुचवला आहे. काय करावे? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण शेवटी सहज म्हणून जे लिहिले आहे तेच मला सर्वांत निकडीचे वाटते, म्हणून त्यापासून सुरुवात करते. ‘मशीनचा शेक’ या नावाखाली फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तीन-चार वेगवेगळे उपचार येतात. त्यांपैकी शॉर्टवेव्ह डायथर्मी हा प्रकार पेसमेकर असलेल्या व्यक्तीला द्यायचा नसतो, मग दुखणे कमरेचे असो वा गुडघ्याचे. त्या यंत्राच्या रेडिओलहरींमुळे पेसमेकरपासून हृदयात गेलेली वायर तापू शकते आणि वायरचे टोक हृदयाच्या स्नायूला जिथे टेकलेले असते तिथे आतून भाजू शकते. ज्याला सगळे ‘करंट लावणे’ म्हणतात ती टेन्स किंवा आयएफटीची यंत्रेही हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी होकाराशिवाय लावू नयेत, कारण बाहेरून येणारे ते विजेचे ठोके पेसमेकरला हृदयाचेच ठोके वाटू शकतात, आणि हृदय आपले आपण चालले आहे असे समजून तो गप्प बसू शकतो. गरम पाण्याची पिशवी, ओल्या टॉवेलचा शेक आणि शिकवलेले व्यायाम यांना काहीच आडकाठी नाही. फिजिओथेरपिस्टना पेसमेकरची माहिती दिली आहे का, हे आजच विचारून घ्या.

दुसरी गोष्टही थांबण्याजोगी नाही. अण्णांना लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसण्याच्या जागेवर बधिरपणा येणे किंवा पायातली ताकद दिवसागणिक कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर फाईल शोधत बसू नका. मज्जातंतूंवर मोठा दाब आल्याची ती लक्षणे असतात आणि अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचे असते. आपण वर्णन केलेला त्रास, म्हणजे चालताना पाय भरून येणे आणि बसल्यावर बरे वाटणे, हा या वयात बहुधा मणक्यातली नळी अरुंद झाल्यामुळे होतो. तो त्रासदायक असला तरी वरची लक्षणे नसतील तर दोन-तीन आठवडे नीट चौकशी करून निर्णय घ्यायला सवड असते. ही सवड आपल्याला लागणार आहे.

आता मुख्य प्रश्न. आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे मला मान्य नाहीत, आणि त्यांतला दोष एकच आहे. ‘करत नाही’ म्हणणाऱ्याने अण्णांचे कार्ड, म्हणजे पेसमेकरची माहिती असलेले ओळखपत्र, मागितले नाही, आणि ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यानेही मागितले नाही. पेसमेकर कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा, त्याच्या वायरी कोणत्या आणि अण्णांचे हृदय त्यावर किती अवलंबून आहे, या चार गोष्टी कळल्याखेरीज होकारालाही अर्थ नाही आणि नकारालाही नाही. त्यातही दुसरे उत्तर अधिक धोक्याचे आहे. सही घेतल्याने तिथे काय तयारी आहे हे आपल्याला कळत नाही, आणि त्या सहीमुळे अण्णांच्या छातीतली वायर तापायची थांबत नाही.

नकार देणारी केंद्रे निव्वळ घाबरट आहेत असेही नाही, कारण त्या भीतीला पूर्वेतिहास आहे. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे एमआरआय यंत्र १.५ टेस्लाचे असते, म्हणजे त्यातले चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट बलवान असते. त्याशिवाय तपासणीच्या वेळी वेगाने बदलणारी दुसरी चुंबकक्षेत्रे आणि रेडिओलहरी असतात. या तिन्हींचा पेसमेकरवर वेगवेगळा परिणाम होतो. मोठे चुंबक पेसमेकरला ओढू वा पिळू शकते आणि जुन्या पेसमेकरमधला चुंबकाने चालणारा छोटा स्विच बंद-चालू करू शकते. बदलत्या क्षेत्रांमुळे वायरमध्ये प्रवाह निर्माण होऊन यंत्राची फसगत होऊ शकते. आणि रेडिओलहरींसाठी ती लांब वायर चक्क ॲंटेनासारखी वागते व तिचे टोक तापते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत पेसमेकर असलेल्या काही रुग्णांचे एमआरआयदरम्यान मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. ‘पेसमेकर म्हणजे एमआरआय नाही’ हा नियम त्यातून आला, आणि त्या काळासाठी तो योग्यच होता.

पुढे यंत्रे बदलली. एमआरआयचा विचार करून घडवलेले पेसमेकर २००८ पासून युरोपात बसवले जाऊ लागले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या पेसमेकरला २०११ च्या फेब्रुवारीत परवानगी दिली. त्यांना ‘एमआर कंडिशनल’ म्हणतात. या शब्दातला ‘कंडिशनल’ म्हणजे ‘अटींवर’ हा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण विक्रेत्यांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे त्याला ‘एमआरआय सेफ’ म्हणून मोकळे होतात. अटींमध्ये एमआरआयचे यंत्र किती टेस्लाचे असावे, शरीराचा कोणता भाग तपासायचा, पेसमेकरचे सेटिंग आधी कसे लावून घ्यायचे, हे सगळे ठरलेले असते. २०१५ मध्ये अशी यंत्रेही बसवली जात होती आणि जुन्या घडणीची, कमी किमतीचीही. त्यामुळे केवळ सालावरून अण्णांच्या यंत्राचा प्रकार सांगता येणार नाही.

इथे बहुतेक घरांत एक गोष्ट नजरेतून सुटते. पेसमेकर म्हणजे कॉलरबोनखाली बसवलेली टिटॅनियमची डबी एवढेच आपल्याला दिसते, पण डबी आणि वायरी मिळून तो पेसमेकर असतो. त्या दोन्ही एकमेकींसोबत एमआरआयसाठी तपासलेल्या जोडीतल्या असतील तरच ती जोडी ‘कंडिशनल’ ठरते. बॅटरी संपल्यावर डबी बदलतात, वायरी बहुधा त्याच ठेवतात. परिणामी नवीन कार्डावर एमआरआयची खूण असूनही आतल्या वायरी जुन्या घडणीच्या असू शकतात. याहून अडचणीची असते ती टाकून दिलेली वायर, म्हणजे पूर्वी बिघडली म्हणून डबीपासून सोडवलेली पण काढणे जोखमीचे म्हणून शरीरातच ठेवलेली. तिच्या टोकाला तापण्याचा धोका वेगळा असतो. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये ती स्पष्ट दिसते, म्हणून अशा प्रत्येक रुग्णाचा ताजा एक्स-रे पाहिल्याशिवाय मी पुढे जात नसे.

मग यंत्र जुन्या घडणीचे निघाले तर दार बंदच का? तसेही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील मॅग्नासेफ या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात एमआरआयसाठी न बनवलेले पेसमेकर असलेल्या रुग्णांच्या १,००० आणि डिफिब्रिलेटर (लय धोकादायक बिघडल्यास हृदयाला झटका देणारे, शरीरात बसवलेले यंत्र) असलेल्या रुग्णांच्या ५०० तपासण्या, छातीचा भाग वगळून, १.५ टेस्लाच्या यंत्रावर केल्या गेल्या. तपासणीदरम्यान एकही मृत्यू झाला नाही आणि एकही वायर निकामी झाली नाही. सहा वेळा हृदयाची लय थोडा काळ बिघडून आपोआप पूर्ववत झाली, सहा वेळा यंत्र अंशतः रीसेट होऊन त्यातल्या काही नोंदी पुसल्या गेल्या, आणि एका रुग्णाचा डिफिब्रिलेटर बदलावा लागला. त्या एका रुग्णाच्या यंत्राचे सेटिंग तपासणीपूर्वी ठरल्याप्रमाणे लावून घेतलेले नव्हते. हा तपशील मला त्या अभ्यासात सर्वांत बोलका वाटतो. प्रत्येक रुग्ण आधी पारखलेला होता, प्रत्येक यंत्र आधी व नंतर तपासले होते, आणि जिथे तेवढ्यात कसूर झाली तिथे यंत्र गेले. त्याच वर्षी हृदयाच्या लयीवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने दिलेला सल्लाही असाच आहे : वायरी शाबूत असतील, टाकून दिलेली वायर नसेल, दुसरी तपासणी पुरेशी नसेल आणि रुग्णालयाकडे लिखित कार्यपद्धती असेल, तर जुन्या यंत्रासहही एमआरआय करणे वाजवी आहे.

म्हणून आधी फाईल. खोकी उघडत असताना आपण दुसऱ्या बाजूनेही प्रयत्न करा. ज्या रुग्णालयात पेसमेकर बसवला तिथल्या नोंदणी विभागात अण्णांचे नाव आणि साल देऊन शस्त्रक्रियेची नोंद व डिस्चार्ज कार्डाची प्रत मागा. पेसमेकर जिथे बसवतात त्या कॅथलॅबच्या नोंदवहीत डबीचा आणि वायरींचा अनुक्रमांक असलेले स्टिकर चिकटवलेले असते. पेसमेकरच्या नेमाने होणाऱ्या तपासणीचे कागद घरात असतील तर त्यांवर कंपनी आणि मॉडेल छापलेले असते. काहीच मिळाले नाही तर छातीचा एक्स-रे काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. डबीच्या आकारावरून आणि तिच्यावरच्या एक्स-रेत दिसणाऱ्या खुणेवरून कंपनी ओळखता येते. कंपनी कळली की ‘कंपनीचा माणूस’, म्हणजे तिचा तंत्रज्ञ, आपल्या प्रोग्रॅमरने, म्हणजे पेसमेकर बाहेरून वाचणाऱ्या उपकरणाने, यंत्र वाचून बाकीचे सांगू शकतो. हा प्रोग्रॅमर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, हे ध्यानात असू द्या.

यंत्र वाचून घ्याल तेव्हा बॅटरी किती उरली आहे ते आवर्जून विचारा. २०१५ चा पेसमेकर आज बॅटरीच्या अखेरीकडे आलेला असू शकतो आणि बदलण्याची सूचना देऊ लागलेल्या यंत्रासह एमआरआय टाळायचा असतो. तसे निघाले तर डबी बदलण्याची आणि एमआरआयची वेळ हृदयरोगतज्ज्ञांनी एकत्र ठरवावी, आणि नवी डबी निवडताना ती आतल्या वायरींशी एमआरआयच्या दृष्टीने जुळते का, हे पाहावे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पुढची आठ-दहा वर्षे त्याची किंमत मोजावी लागते. वायरही नवीन घातली गेली तर ती रुजेपर्यंत साधारण सहा आठवडे थांबतात.

माहिती लपवण्याच्या हेतूने नव्हे, तर शब्दाच्या फरकाने कशी निसटते, याचा एक अनुभव सांगते. मी उपनगरातल्या एका स्कॅन केंद्रात काम करत असताना सोलापूरकडून मुलाकडे आलेल्या एक आजी गुडघ्याच्या एमआरआयसाठी आल्या. फॉर्मवर ‘पेसमेकर’ समोर ‘नाही’ अशी खूण होती. गाऊन घालून त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मी त्यांना बांगड्या उतरवायला मदत करत होते, तेव्हा गाऊनचा गळा खाली सरकला आणि डाव्या कॉलरबोनखाली काडेपेटीएवढा उंचवटा दिसला. त्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “ही होय? ही तर बॅटरी आहे.” त्यांच्या घरात, गावातल्या डॉक्टरांकडे, सगळीकडे त्याला बॅटरीच म्हणत. त्या खोट्या बोलल्या नव्हत्या. चूक आमच्या फॉर्मची होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यात ‘छातीत बॅटरी, मशीन, स्प्रिंग, झडप’ हे शब्द लिहिले आणि खूण करून घेण्याऐवजी प्रत्येकाला तोंडी विचारू लागलो. (स्प्रिंग म्हणजे स्टेंट, आणि झडप म्हणजे हृदयाची कृत्रिम झडप. आज वापरात असलेल्या बहुतेक स्टेंट व झडपांसह एमआरआय करता येतो, पण त्यांचेही कार्ड दाखवायचेच.) अण्णांच्या बाबतीत हे आपल्याला ठाऊक आहे, तरी प्रत्येक ठिकाणी आपण स्वतः तोंडाने सांगा.

आता सीटी स्कॅनबद्दल. एमआरआय लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आपण अगदी सरळ विचारा की या तपासणीच्या उत्तराने त्यांचा उपचार बदलणार आहे का. अण्णांवर शस्त्रक्रिया करायचीच नसेल, औषधे आणि व्यायामच करायचे असतील, तर एमआरआय तूर्त नकोही असू शकतो. हा प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. कमरेच्या सीटी स्कॅनमध्ये हाडे उत्तम दिसतात आणि नळी अरुंद झाल्याचा अंदाजही बऱ्यापैकी येतो. मज्जातंतू आणि मणक्यांमधल्या चकत्या मात्र एमआरआयइतक्या स्पष्ट दिसत नाहीत. पेसमेकरच्या दृष्टीने कमरेचा सीटी स्कॅन काळजीचा नाही. एक्स-रेचा झोत थेट डबीवरून जातो तेव्हा क्वचित यंत्राची क्षणभर फसगत होऊ शकते, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये दिली होती, पण कमरेच्या तपासणीत झोत छातीवर येतच नाही. सोनोग्राफी, साधे एक्स-रे, हाडांच्या घनतेची तपासणी यांबद्दल तर मनात शंकाही नको.

क्रिएटिनिनची आपली धास्ती योग्य आहे, पण ती रंगद्रव्याच्या इंजेक्शनपुरती आहे. कमरेच्या झिजेसाठी सीटी स्कॅन आणि एमआरआय दोन्ही बहुधा इंजेक्शनशिवाय होतात. १.६ क्रिएटिनिन असलेल्या ७८ वर्षांच्या पुरुषाची मूत्रपिंडे साधारण ४४ च्या ईजीएफआरने (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचे माप) काम करत असतात, म्हणजे मंद पण निकामी नाहीत. कुणी ‘कॉन्ट्रास्ट’, म्हणजे हेच रंगद्रव्य, म्हणाले तर हा आकडा पुढे करून ते खरेच लागणार आहे का, हे विचारा. मणक्यात सुई घालून रंगद्रव्य सोडून करायचा सीटी मायलोग्राम हाही एक पर्याय आहे. मात्र अण्णा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती किती दिवस थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील; आपण घरी थांबवू नका.

हे सगळे पाहून एमआरआयच करायचा ठरला, तर हृदयरोग विभाग आणि एमआरआय एकाच छपराखाली असलेले रुग्णालय निवडा आणि वेळ दिवसाची घ्या. रात्री साडेदहाची वेळ मला या कामासाठी मुळीच पसंत नाही, कारण तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ घरी असतात आणि कंपनीचा माणूस लोकलमध्ये. तपासणीच्या दिवशी क्रम असा असायला हवा. आधी प्रोग्रॅमरने यंत्र वाचून बॅटरी, वायरींचा विजेला होणारा रोध आणि हृदयाला ठोका देण्यास लागणारी ताकद यांची नोंद होईल. त्यानंतर यंत्र एमआरआयच्या पद्धतीत टाकले जाईल. अण्णांचे हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून असेल तर ते ठरावीक वेगाने, बाहेरच्या कोणत्याही संकेताकडे लक्ष न देता ठोके देत राहील. तेव्हा छातीत थोडी धडधड जाणवू शकते, हे त्यांना आधी सांगून ठेवा. अण्णांना साधा पेसमेकर नसून झटका देणारा डिफिब्रिलेटर असेल तर त्याचा झटका तेवढ्यापुरता बंद ठेवतात. तपासणी चालू असताना बोटाला ऑक्सिमीटर आणि छातीला ईसीजी लावलेला असावा, पुनरुज्जीवन करू शकणारा डॉक्टर जवळ असावा आणि बाहेरून झटका देणारे यंत्र दाराशी असावे. यांतले काही नाही असे कळले तर तपासणी न करता परत या. एक खेप फुकट गेली तरी चालेल.

अण्णांच्या अंगावर काय आहे तेही घरूनच पाहून घ्या. कवळी, कानातले यंत्र, अंगठी, चांदीचा करगोटा, जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली, हृदयासाठी छातीवर चिकटवलेला औषधाचा पट्टा, सगळे उतरवायचे. दम्यामुळे किंवा हृदयाच्या अशक्तपणामुळे त्यांना अर्धा तास सपाट झोपता येत नसेल तर ते आधीच सांगा. आणि घरच्यांनी आत जाण्याचा हट्ट धरू नये. एमआरआयचे चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असते. मुंबईतल्याच एका मोठ्या रुग्णालयात २०१८ च्या जानेवारीत नातेवाइकासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, यंत्राने त्याला सिलिंडरसकट ओढून घेतले आणि त्याचा जीव गेला. पदराची पिन आणि मोबाइल घेऊन धावत आत जाणाऱ्या सासूबाईंना दाराबाहेर थांबवण्याचे काम आपल्याकडे राहू द्या.

तपासणी झाल्यावर अण्णा कपडे बदलून चहा मागू लागतील आणि सगळ्यांना निघायची घाई होईल, पण कंपनीचा माणूस पुन्हा यंत्र वाचेपर्यंत कुणी उठायचे नाही. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून तपासले पाहिजेत, यंत्र पूर्वीच्या पद्धतीत परत आणले पाहिजे, आणि डिफिब्रिलेटर असेल तर त्याची झटका देण्याची सोय पुन्हा चालू केल्याचे आपण त्या माणसाच्या तोंडून ऐकले पाहिजे. त्या नोंदीचा छापील कागद मागून घ्या, त्याचा फोटो आपल्या आणि आपल्या यजमानांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि डबी व वायरी दोन्हींची मॉडेल लिहिलेले नवे कार्ड अण्णांच्या खिशातल्या पाकिटात, रेल्वेच्या पासामागे ठेवून द्या. एवढे झाले की ती खोकी सावकाश उघडली तरी चालतील.